पिसांच्या मुंडावळ्या: नागपूरच्या म्युझियममधलं एक लग्न

या ब्लॉगवर माझे दक्षिणेतले देव झाले, नर्मदेचा काठ झाला, नातीच्या हट्टापायी चेरापुंजीसुद्धा झाली. मागे एका वाचकबाईंनी विचारलं, "आजी, सगळीकडचं लिहिता, नागपूरचं एकदाही नाही. माहेर ना तुमचं?" खरं आहे. नागपूरला मी कितीदा गेले याची मोजदाद नाही, पण लिहायला बसलं की एकच फेरी पुढे येऊन उभी राहते, आणि ती काही मौजेची नाही. पन्नासेक वर्षं झाली तिला. आता लिहून टाकते. त्या वाटेनं कोणी जाणार असेल तर रस्त्याची, खाण्यापिण्याची थोडी माहिती मिळेल. बाकीचं वाचायचं की सोडायचं ते तुम्ही ठरवा.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं. त्यामुळे एखादं वाक्य अर्धं फाटलेलं सापडलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तेव्हाही भुसावळलाच होतो. हे, म्हणजे माझे यजमान, रेल्वेच्या लोकोशेडमध्ये. मार्गशीर्षातली गोष्ट. पोस्टातून एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा आला, वर भोक, भोकात दोरा. पाखराच्या पायाला चिठ्ठी बांधतात ना म्युझियममध्ये, तशी. त्यावर लिहिलं होतं:

"नाव: चि. सौ. कां. सुमन. सापडली कुठे: म्युझियमच्या मागच्या क्वार्टरात. यापुढे आढळ: खापा, कन्हान नदीचा काठ. नग: एकच. काळजीपूर्वक हाताळावे."

माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका होती ती. हे वाचून पोट धरून हसले. मी पण हसले, आणि मग थांबले, कारण अक्षर दादाचं नव्हतं, वहिनीचं होतं. दादाचं अक्षर म्हणजे ओळीनं मांडलेले मोती. त्या म्युझियममधली प्रत्येक चिठ्ठी त्याच्या हातची. एकुलत्या एक लेकीच्या पत्रिकेवर त्यानं दुसऱ्याला लिहू दिलं असतं? पुठ्ठ्याच्या मागे पेन्सिलीनं दोनच शब्द होते: "लवकर ये."

वामनदादा माझ्याहून बराच मोठा. आमचे वडील लवकर गेले, तेव्हा बापाच्या जागी तोच. एका शिकारी जमीनदारानं मरताना आपला बंगला आणि आतली जनावरं शहराला देऊन टाकली होती, त्याचं हे म्युझियम झालेलं. नंदनवनच्या अलीकडे, त्या काळी घरं संपून शेतं लागायची तिथे. आता शोधायला जाऊ नका. बंगला पाडला, जनावरं दुसरीकडे हलवली. मेलेल्या जनावराचं कातडं सोलून, आत पेंढा भरून, काचेचे डोळे बसवून त्याला जिवंतासारखं उभं करायचं हे दादाचं काम. लहानपणी मला वाटायचं, माझा भाऊ मेलेल्यांना उठवतो.

भुसावळहून नागपूरला पॅसेंजरनं गेलात तर अख्खा दिवस जातो, पण जावं दिवसाच. शेगावला कचोरी घ्यावी, गरम असेल तरच. बडनेऱ्याच्या पुढे तेव्हा दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, कुठे वेचणाऱ्या बायकांची रांग, कमरेला झोळीसारखे ओटे बांधलेले. वर्ध्यापासून गाडीत संत्री शिरतात, मग सगळ्या डब्याला एकच वास. नागपूरला उतरून सायकलरिक्षा केली. गांधीबाग, महाल मागे टाकत रिक्षावाला म्हणाला, "म्युझियममदे? लगन? शेराचं लगन हाय का बाई?" हे म्हणाले, "शेर येऊन गेला असेल, आम्ही वऱ्हाडी." असं हसत-खिदळत आम्ही फाटकाशी उतरलो.

फाटकात दादा उभा होता. अंगावर शाल, दोन्ही हात शालीत.

"ये वं कमल. गाडीत जागा भेटली का?"

मी वाकून पाया पडले. दादाची सवय अशी की वाकलं की पाठीत एक धपका घालायचा, "मोठी हो" म्हणायचा. मी वाकलेली राहिले. धपका आला नाही. वर पाहिलं तर हात शालीतच, आणि चेहरा आटलेल्या विहिरीसारखा.

म्युझियमचं रूप मात्र पाहण्यासारखं केलं होतं. सोमवारी तिथे सुट्टी, म्हणून लग्न सोमवारी. म्युझियमच्या साहेबांनी मागचं अंगण आणि व्हरांडा वापरायला दिला होता. जांभळीच्या फांद्यांचा मांडव. गव्याच्या शिंगांना वहिनीनं आंब्याचे डहाळे बांधलेले. वाघाच्या गळ्यात झेंडूची माळ. दादा म्हणाला, "यालेही आमंत्रण आहे. फक्त पंगतीत नोको." आणि रुखवत! आपल्याकडे नवरीच्या घरचं हातचं काम, फराळाचं, शोभेचं मांडून ठेवतात ते रुखवत. सुमननं ते दुरुस्तीला काढलेल्या एका रिकाम्या काचेच्या कपाटात मांडलं होतं, आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. "लिंबाचं लोणचं. वय: दोन वर्षं. स्वभाव: तिखट." "सांबारवडी. अल्पायुषी. लवकर भेट द्यावी." नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर; थंडीत ती स्वस्त झाली की घरोघरी ही वडी होते. हिवाळ्यात जाल तर चुकवू नका, पण तेलकट असते, जपून.

मग सुमननं मला मुंडावळ्या दाखवल्या. नवरा-नवरीच्या कपाळाला बांधतात त्या. मोत्यांच्या नव्हत्या, फुलांच्याही नव्हत्या. पिसांच्या होत्या. नीलकंठाची निळी, पोपटाची हिरवी, मधे बगळ्याची पांढरी. इवलीइवली पिसं दोऱ्यात एकेक गाठ मारून ओवलेली. हातात घेतल्या तर वजनच नाही.

"बाबांनी केल्या, आत्या. दिवाळीपासून बसत होते, दिवसाला चार-दोन गाठी व्हायच्या. गळलेली पिसं वेचून आणली बागेतून."

दादा मागेच होता. म्हणाला, "याले सोमल नाही लावलं मी. अजिबात नाही. दोन-चार वर्षांत कसर लागन, खाऊन टाकन. खाऊ दे. पोरीच्या कपाळाले इख नाही लावत मी."

सोमल हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. कातड्याला किडा लागू नये म्हणून आतून जो साबण चोळतात, त्यात सोमल कालवलेलं असतं. जहर. दादा जेवायच्या आधी हात दहादा धुवायचा ते त्यामुळे.

स्वयंपाकघरात वहिनी कढईपाशी बसली होती. मी पाटावर टेकले तशी हळूच म्हणाली, "हात पाहिले का?"

"शालीत ठेवतो. काय झालं वं वहिनी?"

"सोमलानं खाल्ले. साबणाचे हात धुतले तरी आत मुरत गेलं, डॉक्टर म्हणते. तळव्यावर भाताची शितं वाळल्यासारखे खडे, मंग त्याच्या जखमा. एक बोट कापलं भादव्यात. आता काखेत गाठ आहे." तिनं झारा कढईवर ठेवला. "फार दिवस नाही म्हणते. म्हणून तर घाई. त्याईले पोरीचं कन्यादान करायचं आहे, एवढंच. दुसरं काही मांगत नाही."

"मुलाकडच्यांना सांगितलंय?"

"काय सांगू त्याईले? बोट मशीनमदे गेलं म्हणून सांगतलं. खरं ऐकलं तर पळतीन. लोकाईले हात असे दिसले की एकच रोग सुचते."

तिनं त्याचं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

उपाय तिनंच काढला होता. सदर बाजारातल्या एका दुकानात पांढरे हातमोजे पाहिले होते, तसे घरी शिवले. मऊ मलमल, मनगटाला जरीची किनार, म्हणजे लग्नाचेच वाटावेत. आणि गेलेल्या बोटाची जागा? ती दादानं भरली. कापूस, आत बारीक तार, टोकाला मेण. पाखराची मान भरतात तसंच. तो उत्साहानं मला दाखवायला आला.

"पाह्य, नख दिसते का नाही? वाकते पण." त्यानं ते खोटं बोट वाकवून दाखवलं. "बावीस पोट्ट्याईले शिकवलं असतं तरी असं कोणाले जमलं नसतं."

खरंच जमलं होतं. जवळून पाहूनही ओळखू आलं नसतं. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. घरात इतकी वर्षं वाघ-सांबर भरलेले पाहिलेल्या माणसांच्या मनात आलंच नाही, की ती सगळी जनावरं काचेआड कोरडी असतात.

रविवारी दुपार कलताना खाप्याहून वऱ्हाड आलं. एस.टी. ठरवून आणली होती. नवरदेव मधुकर, सावनेरला शाळामास्तर, कमी बोलणारा, सारखा चष्मा पुसणारा. त्याची आई, आमच्या विहीणबाई, काठीसारख्या सरळ, विधवा. आणि मामा. तो मामा एकटा अख्ख्या वऱ्हाडाइतका बोलायचा. पोहे खाता खाता त्याला दादाचे हातमोजे दिसले.

"काय गा व्याही, बँडवाले आले नाहीत म्हणून तुम्हीच वाजवता का?"

सगळे हसले. दादाही हसला. म्हणाला, "थंडी बम पडून राहिली मामा."

मग सीमांतपूजन. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आम्हालाही ठाऊक होतं. जन्मभर पाहिलेलं. पण त्या मोज्यांचा विचार करताना हे पाणी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मधुकर पाटावर, पाय परातीत. वहिनी तांब्यानं पाणी घालतेय, दादा वाकून दोन्ही हातांनी पाय चोळतोय.

मी शेजारी तबक धरून उभी होते. मला दिसलं. मलमल भिजली, अंगाला चिकटली, आणि आतल्या बोटातला कापूस पाणी प्यायला. ते बोट फुगलं. मग तांब्याच्या काठाला अडकलं आणि मागे वळलं, पार मनगटाकडे. जिवंत बोट तसं वळत नाही. एक लहान मूल मोठ्यानं हसलं. दादानं घाईनं हात ओढला आणि ओला मोजा सुटून परातीत पडला, नवरदेवाच्या पायाशी.

हात उघडा.

विहीणबाईंनी लेकाचा दंड धरून त्याला पाटावरून उठवलं. ओले पाय फरशीवर उमटत गेले. मामा एकदम ओरडला.

"हा तर महारोग आहे! मशीनमदे बोट गेलं म्हणता? आमच्या पोराच्या पायाले लावलं तुम्ही!"

"लागणारं नाही ते," दादा म्हणाला. उघडा हात त्यानं शालीत घातला नव्हता. "सोमलानं झालं. डॉक्टरले विचारा. साहेबाले विचारा."

"सोमल? म्हणजे इख? इखाचे हात घेऊन पाय धुता?"

आतल्या दालनात बोलणी बसली. एका बाजूला वऱ्हाड, एका बाजूला आम्ही, मधे अस्वल. साहेब आले, त्यांनी समजावलं, ह्यांनी समजावलं. मामा एकच म्हणत राहिला, "डॉक्टर काहीही सांगते." शेवटी मधुकरनं चष्मा पुसला आणि म्हणाला, "लग्न मोडायचं नाही." तेवढंच. पुढे काही बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिले.

मग विहीणबाई पहिल्यांदा बोलल्या. "लग्न करू. पण मुलीच्या बापानं मांडवात यायचं नाही. त्याइच्या हातचं पाणी माह्या पोराच्या हातावर पडायचं नाही."

कन्यादानात बापाची ओंजळ वर, तिच्याखाली नवरीची, त्याखाली नवऱ्याची. आई धार धरते. पाणी बापाच्या हातातून लेकीच्या हातात, लेकीच्या हातातून जावयाच्या. त्या एका धारेसाठी दादानं एवढे दिवस अंगात जीव धरला होता. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

सुमन दारात उभी होती, हळद लागलेली. ती म्हणाली, "मले नाही करायचं लग्न. बाबा नाही तर मी नाही."

"सुमन."

"नाही म्हणजे नाही!"

"इकडे ये." ती गेली. दादा तिच्याशी अस्वलाच्या आडोशाला बोलला. मला फक्त शेवटचं ऐकू आलं. "तुह्या आईले मागं एकटी ठेवून मी जाऊन राहिलो, तुह्यी पण काळजी नेऊ का संगं? काय करशीन मंग, कोण घेईन तुले? आज जर वऱ्हाड परत गेलं खाप्याले, तर नागपुरात एक दार उघडणार नाही." मग तो माझ्यासमोर आला. "कमल, तू आणि जावईबापू बसा उद्या. कन्यादान तुम्ही करा."

मी म्हणाले, "दादा, माझ्यानं नाही व्हायचं."

"व्हते. पाणी तर सोडायचं आहे."

सोमवारी सकाळी लग्न लागलं. फरशी थंडगार. जेवण उत्तम झालं, हे लिहायला हवं: गोळाभात, कढी, वांग्याची भाजी, बुंदी. वऱ्हाडातल्या बऱ्याच जणांनी घास उचलण्याआधी हळूच विचारलं, वाढलं कोणी, रांधलं कोणी. साहेबांच्या बायकोनं स्वतः पंगतीतून फिरून सांगितलं की आचारी बाहेरचा आहे.

व्हरांड्याला पाखरांच्या दालनाची एक खिडकी होती. दादा आत, तिच्या गजांपाशी. वहिनी त्याच्या शेजारी, कारण ती एकटी मांडवात कशी येणार. मागे कपाटांत त्यानं भरलेली पाखरं: नीलकंठ, घार, हरियल. बाहेरून पाहिलं की सगळेच काचेआड उभे आहेत असं वाटायचं. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट बाजूला झाला, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. सुमननं नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे पाहिलं. कपाळावर ती निळी-हिरवी पिसं हलत होती, तिच्या श्वासानं.

मग ह्यांची ओंजळ वर आली. मी तांब्या उचलला आणि धार धरली. पाणी ह्यांच्या बोटांतून खाली सुमनच्या, सुमनच्या बोटांतून मधुकरच्या, आणि काशाच्या ताटात. भटजी म्हणत होते तसं मी म्हणत गेले. मधेच नजर गेली तर खिडकीत दादानं उघडे हात एकमेकांना लावून ओंजळ धरली होती. रिकामी. आमची धार संपेपर्यंत त्यानं ती खाली सोडली नाही.

मी नवरीची पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी पहिल्यांदा माहेरची एक बाई जाते ती. त्यामुळे पाठवणी झाली तेव्हा मी सुमनच्या मागेच होते. एस.टी. फाटकाबाहेर घरघरत होती. दादा फाटकाच्या आत, हात पाठीमागे बांधून. मधुकरनं त्याला वाकून नमस्कार केला, पायापासून वीतभर अंतर ठेवून. दादानं ते पाहिलं आणि "सुखी राहा" म्हणाला.

सुमन वाकली, ती वर येईना. मग तिनं हात त्याच्या पाठीमागे नेला, दादाचा हात ओढून पुढे आणला, पट्टी गुंडाळलेला, आणि आपल्या डोक्यावर ठेवला. दाबून ठेवला. दादाला मोठ्यानं रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

विहीणबाईंनी बसच्या पायरीवरून पाहिलं.

नागपूर ते खापा रस्ता चांगला आहे, तेव्हाही बरा होता. पाटणसावंगीवरून आत वळायचं. संत्र्याच्या बागा लागतात, त्या दिवसांत झाडं वाकलेली. बसमध्ये कोणी सुमनशेजारी बसलं नाही, मी बसले. मामा पुढे बसून गाणी म्हणायला लावत होता आणि कोणी म्हणत नव्हतं. उन्हं उतरताना कन्हानचं पात्र दिसलं. गाव समोर दिसत असताना विहीणबाईंनी बस थांबवली.

"सून माह्यासंगं खाली उतरन."

मी मागोमाग उतरले. त्या सुमनला म्हणाल्या, "बाई, डोक्यावरून आंघोळ कर नदीत. मंग घरात."

मी म्हणाले, "अहो, पाणी बर्फासारखं असेल. अंगावर हळद आहे पोरीच्या. ताप भरेल."

"भरू दे. उतरन ताप."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. मग कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या आणि माझ्या हातात दिल्या. "आत्या, भिजू नको देऊ. घरात पिशवीतून पण नको काढू. तूच ने." शालू सोडून माझं साधं लुगडं नेसली आणि पाण्यात गेली. गुडघा, कंबर, मग बुडी. वर आली तेव्हा ओठ निळे.

आणि मग विहीणबाईही पाण्यात उतरल्या, अंगावरच्या लुगड्यासकट. मला वाटलं सुमनला ओढून काढताहेत. पण त्यांनी स्वतःच बुडी मारली. काठावर आल्या तेव्हा दातावर दात वाजत होते. माझ्याशेजारी उभ्या राहून, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माह्या मोठ्या बहिणीले झाला होता. खरा. माय तिले भाकर टाकायची दुरून. एक दिवस ती भाकर घ्यायले आली नाही. कोणी पाहायले पण गेलं नाही, मी पण नाही." लुगड्याचा पदर पिळला. "मले वाईट नोका समजू. मले भेव वाटते."

त्या बाईवर रागवायचं ठरवून मी नदीपर्यंत आले होते, ते तिथून पुढे धड जमलं नाही. मधुकर काठावर शाल घेऊन उभा होता. त्यानं ती आधी आईच्या अंगावर घातली, मग थबकला, आणि अंगातला कोट काढून सुमनला दिला.

लग्नानंतर नवरी मांडवपरतणीला माहेरी येते, पाठराखीण तिला घेऊन येते. सुमनला पाठवलं नाही. "संक्रांतीले पाठवू," विहीणबाई म्हणाल्या. मी एकटी सकाळच्या एस.टी.नं निघाले. कोणी खाप्याला जाणार असाल तर नदीकाठी जरूर बसा, जागा सुंदर आहे. मला मात्र तिथे अजूनही थंडी वाजते.

म्युझियम उघडलं होतं. शाळेची मुलं वाघाभोवती गोळा झालेली, त्याच्या गळ्यात सुकलेली झेंडूची माळ तशीच. दादा पाखरांच्या दालनात स्टुलावर बसला होता. माझ्यामागे दाराकडे पाहत राहिला.

"सुमन?"

"संक्रांतीला पाठवतो म्हणाल्यात."

"बरं." मग म्हणाला, "घर कसं आहे?"

"चांगलं आहे. अंगणात पेरूचं झाड आहे. मधुकर चांगला आहे, दादा. कोट दिला त्यानं तिला."

"कोट काहून?"

"थंडी होती," मी म्हणाले.

त्यानं ते तेवढ्यावर घेतलं की त्याला समजलं, मला आजतागायत कळलेलं नाही. मी पिशवीतून मुंडावळ्या काढल्या. तिनं माझ्याकडे ठेवायला दिल्यात म्हणाले. त्यानं पट्टीतल्या बोटांनी एक पीस सरळ केलं.

"ठेवजो. डांबरगोळी नोको टाकू. आणि जपत नोको बसू."

संक्रांतीला सुमन आली, दोन दिवस. त्याला तिळगूळ भरवून गेली. फाल्गुनात दादा गेला. शेवटी हातांवर झाकायलासुद्धा काही ठेवता येत नव्हतं, असं वहिनी सांगायची. खाप्याहून सगळे आले होते. विहीणबाई फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत, पण उन्हात उभ्या राहिल्या शेवटपर्यंत. पुढे त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं सुमननंच केलं. कधी एका शब्दानं मला नदीचं बोलली नाही.

म्युझियममधली पाखरं आता शहरातल्या दुसऱ्या एका संग्रहालयात आहेत. काही वर्षांमागे नातीबरोबर जाऊन आले. नीलकंठ तसाच. काल पकडून आणल्यासारखा निळा. पायाला दादाच्या अक्षरातली चिठ्ठी. काचेला हात लावला तर पहारेकरी ओरडला, "ओ आजी, हात नका लावू." म्हटलं, बरोबर आहे बाबा, लावूच नये कोणी.

आणि मुंडावळ्या भुसावळच्या घरी, बिस्किटाच्या डब्यात. पहिली काही वर्षं दर दिवाळीला उघडून पाहायची. पांढरी पिसं आधी गेली, मग हिरवी. डब्याच्या तळाशी बारीक भुगा. निळी खूप टिकली, पण ती पण गेली. डांबरगोळीचा मोह कितीदा झाला. बाजारातून पुडी आणूनही ठेवली होती एकदा. टाकली नाही.

गेल्या थंडीत सुमन आली होती. तिच्या नातीचं लग्न ठरलंय. चहा झाला आणि ती म्हणाली, "आत्या, त्या आहेत का गं?"

डबा काढून दिला. तिनं झाकण उघडलं. आत दोन दोरे, आणि दोऱ्यांवर गाठी, ओळीनं, दोन गाठींमधलं अंतर सारखं. तिनं बोट फिरवलं त्यांच्यावरून. मग डबा नाकाशी नेऊन वास घेतला.

"डांबरगोळी नाही टाकली?"

"नको म्हणाला होता."

तिनं झाकण लावलं आणि डबा पिशवीत ठेवला.